उपचार चांगले, जागा चुकीची: आमच्या आळीतील रुग्णालयाविषयी

चिपळूण शहराच्या सखल भागात, वाशिष्ठी नदीपासून फार लांब नसलेल्या एका जुन्या आळीत, एक खासगी रुग्णालय बरीच वर्षे चालू आहे. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याच्या विस्ताराचा प्रस्ताव अजून मंजुरीच्या टप्प्यावर आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नाही. तेथे मिळणारी सेवा कशी आहे आणि तेथे उभी राहू पाहणारी इमारत कशी आहे, एवढेच मला सांगायचे आहे. माझ्या घरातील माणसांनी या रुग्णालयात उपचार घेतले आहेत आणि त्याच्या कुंपणाला लागून असलेल्या घरांपैकी एक घर आमचे आहे. म्हणून हे परीक्षण रुग्णाच्या नातेवाइकाचेही आहे आणि शेजारणीचेही आहे.

प्रथम उपचारांविषयी. भातलावणीच्या दिवसांत माझ्या यजमानांना ताप भरला, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की ओटीची पायरी उतरणे जमेना, आणि पुढे डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला. कोकणात पावसाळ्यात ही लक्षणे कशाची असू शकतात हे येथील डॉक्टरांना पक्के ठाऊक होते. चिखलात उतरला होतात का, पायाला जखम होती का, लघवी कमी झाली आहे का, असे नेमके प्रश्न त्यांनी आल्या आल्या विचारले, रक्त तपासणीला पाठवले आणि अहवालाची वाट न पाहता लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित चिखल-पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग, गृहीत धरून प्रतिजैविके सुरू केली. या आजारात मूत्रपिंडे आणि फुप्फुसे फार लवकर निकामी होऊ शकतात, त्यामुळे अहवाल येईपर्यंत थांबणे किती महागात पडते हे लावणी करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. यजमान बरे होऊन घरी आले, याचे श्रेय मी त्या डॉक्टरांना आणि रात्रपाळीच्या सिस्टरना देते.

सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हाचा अनुभवही असाच होता. शस्त्रक्रियेपूर्वी वयाचा आणि हृदयाचा धोका आम्हाला मराठीत, न घाबरवता, समजावून सांगितला गेला. वॉर्डमधल्या मावशी त्यांना आपल्या आईसारखे उठवत-बसवत होत्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची हे त्यांनी माझ्या जाऊबाईंना आणि मला शिकवून ठेवले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस येथे साठवलेली असते आणि सर्पदंशाच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात थांबवल्याचे मी कधी ऐकले नाही. फुरशांच्या या मुलखात ही गोष्ट लहान नाही.

उणिवा आहेत. शुश्रूषागृहांसाठीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. येथे ते लावलेले आहे, परंतु औषधांच्या काउंटरच्या आतल्या भिंतीवर, जेथे रुग्णाची नजर जात नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिल तयार व्हायला दुपार उलटते. नातेवाइकांना बसायला धड जागा नाही, म्हणून ते आमच्या पायऱ्यांवर बसतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ज्यांचे माणूस आत आहे, त्यांनी कोठे तरी बसायला हवेच.

आता शेजाराविषयी. आमच्या आळीचा रस्ता असा आहे की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला कोणाच्या तरी अंगणात शिरावे लागते. सकाळी बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला की दुचाक्या दोन्ही बाजूंच्या गडग्यांना, म्हणजे दगडी कुंपणांना, टेकवून ठेवल्या जातात आणि त्यातून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वाट काढत येते. गर्दीमुळे ती वळणावर खोळंबते, आतला रुग्ण खोळंबतो, आणि शेजारची मुले धावत जाऊन दुचाक्या बाजूला करतात. वीज गेली की कुंपणालगतचा जनरेटर सुरू होतो. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात तर ती ४० आहे. आमच्या माजघरात त्या जनरेटरची घरघर भिंतीतून येते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

जैववैद्यकीय कचऱ्याबाबत २०१६ चे नियम स्पष्ट आहेत. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांच्या वर्गवारीनुसार कचरा वेगळा करायचा, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि तो अधिकृत गाडीनेच जाऊ द्यायचा. हे रुग्णालय वर्गवारी नीट करते, हे मी आत असताना स्वतः पाहिले आहे. परंतु पाऊस जोरात असला आणि गाडी आली नाही की पिशव्या मागच्या शेडमध्ये पडून राहतात. त्या शेडला दार आहे, पण तळाशी फट आहे, आणि आळीतले कुत्रे तेथून हटत नाहीत. सध्याच्या ४० खाटांवर ही स्थिती आहे.

विस्ताराचा प्रस्ताव या ४० खाटांच्या १२० करण्याचा आहे. शेजारची जुनी चौसोपी वास्तू विकत घेऊन तेथे पाच मजली इमारत उभारायची, तळघरात वाहनतळ करायचा, तळमजल्यावर स्कॅनिंगची यंत्रे आणि विजेची मुख्य जोडणी ठेवायची, आणि वर अतिदक्षता विभाग, असा आराखडा रुग्णालयाने रहिवाशांना बोलावून स्वतः दाखवला. बोलावले आणि दाखवले, याबद्दल मी त्यांचे आभार मानते, कारण तसे करण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. हे बंधन नसणे हाच आमच्या अस्वस्थतेचा एक मोठा भाग आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात बदल करायचा असेल तर नागरिकांकडून हरकती मागवाव्या लागतात; पण ज्या भूखंडावर रुग्णालय मुळातच चालते, तेथे बांधकाम परवानगीचा अर्ज आला तर तो अर्जदार आणि नियोजन प्राधिकरण यांच्यातला विषय ठरतो. पर्यावरण मंजुरीचा नियम २०,००० चौरस मीटरच्या बांधकामापासून पुढे लागू होतो आणि ही इमारत त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. म्हणजे जिच्या सांडपाण्याचा, वाहनांचा आणि सावलीचा परिणाम आमच्या घरांवर होणार, त्या इमारतीविषयी आमचे म्हणणे ऐकून घेण्याची कोणतीही पायरी कायद्यात येत नाही. लोक देवळाच्या सभामंडपात जमले आणि सह्यांचे निवेदन तयार झाले, ते यामुळे. हा विरोध रुग्णालयाच्या द्वेषातून आला, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांची बाळंतपणे किंवा आजारपणे याच रुग्णालयात झाली आहेत.

सांडपाण्याचा हिशेब मी थोडा सविस्तर मांडते, कारण सभेत सर्वांत कमी वेळ त्याला मिळाला. भारतीय मानकांनुसार घरगुती वापरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. रुग्णालयासाठी १०० खाटांपर्यंत दर खाटेला ३४० लिटर आणि त्यापुढे ४५० लिटर धरतात. म्हणजे आजच्या ४० खाटांना रोज १३,६०० लिटर पाणी लागते असे मानले, तर १२० खाटांना ५४,००० लिटर लागेल. खाटा तिप्पट होतील, पाणी मात्र जवळजवळ चौपट होईल. त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे ४३,००० लिटरच्या वर, दररोज सांडपाणी होऊन बाहेर पडेल. आमच्या आळीला भुयारी गटार नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हीच व्यवस्था आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी इतके वर येते की रहाटाची गरज पडत नाही, कळशी हातानेच बुडवता येते. जमीन स्वतःच पाण्याने तुडुंब असताना शोषखड्ड्याने काय शोषायचे? ते पाणी शेजारच्या विहिरीत उतरणार किंवा गटाराने पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळणार. मे महिन्यात प्रश्न उलट होईल. तेव्हा रुग्णालयाचे टँकर त्याच अरुंद रस्त्याने येतील. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प बसवू, असे रुग्णालयाने सांगितले. तो आराखड्यात कोठे आहे असे विचारल्यावर तळघराच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवण्यात आले.

तळघर हा शब्द ऐकताच सभेत शांतता पसरली, आणि त्याचे कारण चिपळूणच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगणे भाग आहे. २२ जुलै २०२१ रोजी या शहरात जे पाणी भरले, ते बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांपर्यंत गेले होते. त्याआधी २६ जुलै २००५ चा पूर होता, आणि त्याच्याही आधीचे पूर वडीलधाऱ्यांच्या भिंतींवरच्या खुणांत आहेत. वाशिष्ठीला सह्याद्रीचा पाऊस मिळतो, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी पोफळी आणि कोळकेवाडीमार्गे मिळते, आणि खाली गोवळकोटकडून खाडीची भरती चढते. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की शहरातले पाणी उतरायला जागा राहत नाही. २०२१ मध्ये शहरातील एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीजपुरवठा बंद पडला आणि तेथील रुग्ण दगावले. आमच्या आळीतल्या या रुग्णालयाचाही तळमजला त्या दिवशी बुडाला होता. रुग्णांना वरच्या मजल्यावर हलवले, जनरेटर पाण्याखाली गेला, आणि ज्या घरांना माळा होता त्या घरांनी नातेवाइकांना आसरा दिला. आमच्याकडेही काही माणसे होती. आम्ही सर्वांनी मिळून भिजलेले पोहे खाल्ले आणि पाणी उतरण्याची वाट पाहिली.

एवढे पाहिल्यावर त्याच जागी तळघर खोदून, त्यावर विजेची जोडणी ठेवून, वर अतिदक्षता विभाग थाटायचा, या कल्पनेला मी संमती देऊ शकत नाही. रुग्णालयाच्या वास्तुविशारदांनी सांगितले की जोते उंच करू आणि तळघराला पाणी थोपवणारी दारे बसवू. जोते उंच केल्याने त्यांच्या आवारात पाणी येणार नाही. ते आमच्याकडे येईल. आज त्या चौसोपी वास्तूचे परसू आणि तिची मोकळी जागा पाणी पसरायला वाव देते. तेथे भराव पडला की पुराची पातळी आळीतल्या बैठ्या घरांमध्ये चढणार, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. पाणी थोपवणारी दारे रुग्णांचे रक्षण करतील असे मानले, तरी त्या दिवशी रुग्ण आत कसा येणार? पुरात सापडलेल्या शहरात रुग्णालयाची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमके त्याच दिवशी हे रुग्णालय होडीशिवाय गाठता येणार नाही.

येथे एक अवघड गोष्ट नोंदवली पाहिजे. शहरावर आखलेल्या पूररेषांपैकी निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि दोन रेषांमधल्या पट्ट्यात ते अटींवर होते. आमची आळी या मधल्या पट्ट्यात आहे. या रेषांमुळे घरांच्या दुरुस्त्या आणि पुनर्बांधणी अडते म्हणून चिपळूणकरांनी त्यांना विरोध केला आहे, आणि आमच्या आळीतले लोकही त्यात होते. मग आता रुग्णालयाला तीच रेषा दाखवणे हा दुटप्पीपणा नव्हे का, असा प्रश्न सभेत विचारला गेला आणि तो रास्त होता. माझे उत्तर असे आहे की राहत्या घराचे छप्पर बदलणे आणि हालचाल न करता येणाऱ्या ८० जादा माणसांना पूरक्षेत्रात आणून ठेवणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की आम्ही सामान माळ्यावर टाकतो, म्हाताऱ्यांना हाताला धरतो आणि पागेकडच्या उंच भागातल्या नातेवाइकांकडे जातो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला भोंगा ऐकून उठता येत नाही.

आगीचाही विचार केला पाहिजे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथे नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बालके गेली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेविषयी खूप बोलले गेले, आणि कायद्याप्रमाणे जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. प्रमाणपत्र भिंतीवर असेल; पण दुचाक्यांनी भरलेल्या आमच्या वळणावर अग्निशमन बंब कसा वळेल, याचे उत्तर रुग्णालयाकडे नव्हते. दोन घरांचे गडगे मागे घेतले तर रस्ता रुंद होईल, असे त्यांनी सुचवले. ते गडगे ज्यांचे आहेत, त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

विस्ताराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी आदराने ऐकते, कारण त्यांच्या बोलण्यात अनुभव आहे. अतिदक्षता विभागात खाट नाही म्हणून रात्री कुंभार्ली घाटाने कऱ्हाड गाठायचे, धुक्यात आणि पावसात, पुढच्या सीटवर बसून मागच्या श्वासाकडे कान लावायचा, हे ज्याने केले आहे तो १२० खाटा मागणारच. तालुक्यात डेरवणला मोठे रुग्णालय आहे, कामथ्याला शासनाचे उपजिल्हा रुग्णालय आहे, तरी खाटा कमी पडतात. आळीत भाड्याने खोल्या देणाऱ्यांना आणि औषधांच्या दुकानांना विस्तारातून उत्पन्न दिसते, आणि त्यात काही गैर नाही. कोकणात चांगले वैद्यक छोट्या जागीही झालेले आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून माणसे वाचवता येतात हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड परिसरातल्या रुग्णांवर उपचार करूनच दाखवले. तरीही अतिदक्षता विभाग, डायलिसिस आणि हृदयाची तपासणी यांना इमारत आणि यंत्रे लागतात, हे मला मान्य आहे.

म्हणून रहिवाशांच्या निवेदनात विस्तार रद्द करा असे लिहिलेले नाही. पहिल्या सभेत तशी भाषा होती. नंतरच्या चर्चांमध्ये, विशेषतः आळीतल्या एका निवृत्त परिचारिका काकूंच्या आग्रहामुळे, ती बदलली. आता मागणी अशी आहे की बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती आणि तातडीचे प्राथमिक उपचार येथेच राहावेत आणि आंतररुग्ण खाटांची वाढ महामार्गाच्या बाजूला, कापसाळच्या चढाकडे किंवा पूररेषेच्या बाहेर कोठेही, उंच जागी व्हावी. सध्याच्या इमारतीचा जनरेटर वरच्या मजल्याच्या पातळीवर ध्वनिरोधक आवरणात हलवावा, कचऱ्याची शेड बंदिस्त करावी, आणि सांडपाणी प्रक्रियेचा प्रकल्प विस्ताराची वाट न पाहता आजच्या ४० खाटांसाठीच बसवावा. या निवेदनावर रुग्णालयाने लेखी उत्तर दिलेले नाही. तोंडी उत्तर असे मिळाले की उंच जागेचा भाव आता परवडणारा नाही आणि डॉक्टरांना दोन ठिकाणी फिरणे जमणार नाही. दुसरे कारण मी समजू शकते. पहिल्याविषयी एवढेच म्हणते की स्वस्त जागेची उरलेली किंमत पुराच्या दिवशी रुग्ण आणि शेजारी भरतात, आणि ती त्यांच्या आराखड्यातल्या कोणत्याही रकान्यात धरलेली नाही. मंजुरीची कागदपत्रे माहिती अधिकारात मागवली आहेत; त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते.

गुण द्यायचे झाले तर उपचार आणि शुश्रूषेला मी पाचपैकी साडेचार देते. बिलाची पारदर्शकता आणि नातेवाइकांची सोय यांना तीन. शेजारधर्माला दोन, आणि तेही बोलावून आराखडा दाखवला म्हणून. प्रस्तावित इमारतीला या जागी एकही गुण देता येत नाही.

विस्ताराचा निर्णय होईपर्यंत ज्यांना येथे जावे लागेल त्यांच्यासाठी दोन-चार उपयोगी गोष्टी. चारचाकी आळीत आणू नका. ती मुख्य रस्त्यावर ठेवून रुग्णाला रिक्षाने आणा, म्हणजे रुग्णवाहिकेची वाट मोकळी राहील. दरपत्रक दाखल होतानाच मागून घ्या. मागितल्यावर ते विनातक्रार दाखवतात. पावसाळ्यात ताप आणि पोटरीदुखी असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीही येथे डॉक्टर असतात. आणि जून ते सप्टेंबर या काळात, हवामान खात्याने जिल्ह्याला लाल इशारा दिला असेल व त्याच दिवसांत अमावास्येची किंवा पौर्णिमेची मोठी भरती असेल, तर मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांसारख्या ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी पुढची तारीख मागून घ्या. डॉक्टर ती देतात.